‘विदाउट प्रेज्युडिस’ : दोन शब्दांचा अर्थ व उपयोग

वकिलांच्या पत्रांच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ हे शब्द आपणां सर्वांच्या पाहण्यात येतात. ‘प्रेज्युडिस’ म्हणजे पूर्वग्रह, हा शाळेत पाठ केलेला अर्थ येथे लागू पडत नाही. न्यायालयाच्या परिभाषेत त्याचा अर्थ हक्कास पोहोचणारी हानी असा आहे. म्हणून सरळ मराठीत ‘आमच्या हक्कास बाध न येता’ असे म्हणावे.

याचे मर्म आम्हांस नुकसान सोसूनच कळले. काही वर्षांपूर्वी परगावच्या एका खरेदीदाराने आमची तूर ओलसर निघाल्याची तक्रार केली. माल कोरडा होता, अशी आमची खात्री होती. तथापि जुना संबंध तुटू नये म्हणून ‘क्विंटलमागे काही सूट देतो’, असे आम्ही सरळ मनाने लिहिले. त्यांनी सूट नाकारून दावा लावला व तेच पत्र न्यायालयात हजर केले. माल चोख होता तर सूट कां देऊ केली, या प्रश्नाने आमची मोठी अडचण झाली. अखेर देऊ केलेल्या सुटीहून अधिक रक्कम देऊन आम्ही सुटलो.

तडजोडीसाठी मनुष्याने मोकळेपणाने बोलावे व बोलणे फिसकटल्यास ते त्याच्यावर उलटू नये, हा या नियमाचा हेतू. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८८९ साली वॉकर विरुद्ध विल्शर या खटल्यात तो विशद केला. आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २३ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २१ आहे. पुरावा म्हणून वापरू नये, या स्पष्ट अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात ग्राह्य होत नाही. उभयतांचा तसा समज होता, असे परिस्थितीवरून न्यायालयास दिसले तरीही हेच लागू होते.

मात्र हे शब्द म्हणजे मंत्र नव्हेत. बिलावर वा साध्या तगाद्याच्या पत्रावर ते छापून काही साधत नाही. मुळात वाद असावा व पत्र तो मिटविण्यासाठी असावे. समोरच्याने देकार मान्य केल्यास करार पुरा होतो आणि मग ते पत्र उभयतांस बांधते. फौजदारी प्रकरणास हे कलम लागू नाही.

तेव्हा बंधूंनो, हिशेबाचे पत्र निराळे लिहावे व तडजोडीचे निराळे. दुसऱ्याच्या माथ्यावर हे दोन शब्द घालावेत, आणि रक्कम मोठी असल्यास ते टपालात टाकण्यापूर्वी वकिलास दाखवावे. इत्यलम्.