हात सोडून पायाने

छताला जाड दोर बांधलेला. खाली जमिनीवर कॅनव्हास, त्यावर तैलरंगाचे मोठाले गोळे. चित्रकार अनवाणी पायांनी त्या रंगात उतरतो आणि दोन्ही हातांनी दोर धरून झोका घेतो. तळवा घसरतो, टाच रंग खरवडत नेते, पायाच्या बोटांतून लाल-काळा लगदा वर येतो. काझुओ शिरागा (१९२४–२००८) या जपानी चित्रकाराने अनेक दशकं याच पद्धतीने काम केलं. त्यांची चित्रं जवळून पाहिली, तर कुठे पाय सरकला, कुठे अंग वळलं, हे रंगाच्या जाड वळ्यांवरून कळतं.

शिरागांना ब्रश जमत नव्हता म्हणून ते पायाकडे वळले, असं मात्र नाही. क्योतोमध्ये त्यांनी पारंपरिक जपानी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, आणि अडचण नेमकी तीच होती. हात तयार झालेला. ब्रश टेकवला की रेषा शिकवल्याबरहुकूम वळायची. म्हणून आधी ब्रश गेला, मग पॅलेट नाइफ, मग नुसती बोटं. १९५४च्या सुमारास ते पायावर आले. पायाला चित्रकलेचं वळण कोणीच लावलेलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी ते ‘गुताई’ या गटात सामील झाले. जिरो योशिहारा यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या या गटाचा आग्रह एकच होता: आधी कोणी केलं नाही ते करा. ऑक्टोबर १९५५ मध्ये तोक्योतल्या प्रदर्शनात शिरागांनी अर्धी चड्डी घालून चिखलाच्या ढिगात उडी घेतली आणि त्याच्याशी अक्षरशः कुस्ती खेळली. अंगाला खरचटलं, पण ढिगात उमटलेले आकार हीच कलाकृती म्हणून मांडली गेली.

त्याआधी काही वर्षं अमेरिकेत जॅक्सन पोलॉकने कॅनव्हास ईझलवरून खाली उतरवला होता. १९४५ मध्ये तो आणि त्याची चित्रकार पत्नी ली क्रॅस्नर न्यूयॉर्क सोडून लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या खेड्यात राहायला गेले. घरामागच्या कोठाराचा स्टुडिओ झाला. १९४७ ते १९५० या काळात पोलॉकने तिथे कॅनव्हास जमिनीवर पसरून, चारी बाजूंनी फिरत, काठीवरून किंवा कडक झालेल्या ब्रशावरून घरगुती एनॅमल पेंटच्या धारा सोडल्या. ब्रश कॅनव्हासला फारसा टेकतच नसे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं त्याचं १९५० सालचं ‘ऑटम ऱ्हिदम’ सव्वापाच मीटर रुंद आहे. एवढं चित्र मनगटातून निघत नाही; खांदा, कंबर, पाय सगळे कामाला लागतात. ते कोठार आता संग्रहालय आहे आणि कॅनव्हासच्या कडेबाहेर सांडलेला रंग तिथल्या फळ्यांवर अजून आहे.

समीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्गने १९५२ मध्ये अशा चित्रकारांवर लेख लिहिला आणि ‘ॲक्शन पेंटिंग’ हे नाव रूढ झालं. त्याच्या मते कॅनव्हास आता कृतीचं मैदान झाला होता आणि चित्र म्हणजे तिथे घडलेली घटना.

‘मग यात कौशल्य ते काय, रंग तर कोणीही सांडेल,’ हा आक्षेप तेव्हाही होता. टाइम साप्ताहिकाने पोलॉकच्या चित्रांत गोंधळ असल्याचं सुचवलं, तेव्हा त्याने तार करून ते ठणकावून नाकारलं. त्याची बाजू पुढे भौतिकशास्त्रानेही उचलून धरली. उंचावरून सावकाश ओतलेली काकवी ताटात पडताना वेटोळी घालते. दाट रंगाचंही तसंच होतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी पोलॉकच्या कामाच्या जुन्या चित्रफितींवरून हाताचा वेग आणि उंची मोजली, आणि तसाच रंग ओतून प्रयोग करून पाहिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रंगाची धार वेटोळी न घालता सलग पडेल, एवढाच वेग आणि एवढीच उंची पोलॉक राखत होता. सूत्र त्याला ठाऊक नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं. अंतःप्रेरणा म्हणतात ती इथे मनात येईल ते करण्याची मोकळीक नसते; शेकडो तास काम केलेल्या अंगाने विचाराआधी घेतलेला तो निर्णय असतो.

हा निर्णय वेगातच घ्यावा लागतो असंही नाही. शिरागांच्याच वर्षी, १९२४ मध्ये, नागपुरात जन्मलेले आणि मूळचे गोव्याचे चित्रकार वासुदेव गायतोंडे या वेगवान पद्धतीच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत आणि उतरवत. बराच वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून राहणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पूर्ण होत. पण रोलर फिरवायलाही शरीर लागतंच. १९८४ मधल्या गंभीर अपघातानंतर काही वर्षं त्यांना मोठे कॅनव्हास पेलले नाहीत. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. अंग बदललं तसं चित्रही बदललं.

अकोल्यात जन्मलेले आणि पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले चित्रकार आंबादास या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभे आहेत. त्यांच्या कॅनव्हासवर ब्रशचे लांब, वळत जाणारे फटकारे एकमेकांत मिसळतात.

अमूर्त चित्रासमोर बहुतेक जण आधी शीर्षक वाचतात आणि आत कुठे झाड, चेहरा, डोंगर दिसतो का ते शोधतात. तो शोध थोडा वेळ बाजूला ठेवावा. चित्राजवळ जाऊन आधी कोणता रंग खाली आहे, धार कुठून सुरू झाली, कुठे थांबली, कडेशी पोहोचताना हात आवरला की तसाच बाहेर गेला, एवढं तपासावं. मग चार पावलं मागे सरून तेच चित्र पुन्हा पाहावं. प्रदर्शनात त्यासाठी पाच मिनिटं काढली, तरी ‘हे तर माझं पोरही काढेल’ म्हणण्याआधी माणूस थबकेल.