संकराने शिकारी कुत्रा सुधारतो का?

शिकारी कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल एक वाक्य सांगली-सोलापूरच्या माळांपासून रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडपर्यंत कानावर पडते: ‘दोन चांगल्या जातींचा संकर करा, पिल्लात दोघांचेही गुण येतात.’ कारवानी मादीला ग्रेहाउंड नर लावला की कारवानीचा दम आणि ग्रेहाउंडचा वेग मिळणार. पॉइंटर आणि लॅब्राडॉर एकत्र आणले की तीक्ष्ण नाक आणि आज्ञाधारकपणा मिळणार. हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की पिल्लाचे पैसे मोजणारा पुढचा प्रश्नच विचारत नाही. वाक्य चुकीचे आहे. त्याच्या उलट टोकाचे ‘संकराने जात बाटते’ हे वाक्यही तितकेच चुकीचे आहे.

शिकारी कुत्रे एका प्रकारचे नसतात. युरोपात बंदुकीबरोबर काम करण्यासाठी तयार झालेल्या जातींत कामाची वाटणी आहे. पॉइंटर पक्ष्याचा वास लागताच जागीच थबकतो आणि दिशा दाखवतो. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतो. लॅब्राडॉरसारखा रिट्रीव्हर शांत बसून राहतो आणि हुकूम मिळाल्यावर पडलेला पक्षी दात न रोवता आणून देतो. महाराष्ट्राची ओळख असलेला कारवानी यांपैकी कशातच बसत नाही. तो नजरेवर धावणारा कुत्रा आहे: उघड्या माळावर सावज दिसले की त्याच्या मागे सुटायचे, हे त्याचे काम. कर्नाटकात तो मुधोळ म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या लांब केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात.

आता मुख्य गैरसमजाकडे. पिल्लाला निम्मी जनुके आईकडून आणि निम्मी वडिलांकडून मिळतात, पण कोणती निम्मी मिळतील हे कोणाच्या हाती नसते. धावण्याचा वेग, दम, वासाची ओढ, हुकूम ऐकण्याची तयारी यांपैकी एकही गुण एकाच जनुकावर अवलंबून नाही. प्रत्येकामागे अनेक जनुके आणि त्यावर झालेले शिक्षण असते. त्यामुळे ‘याचा वेग, तिचा दम’ अशी निवड पिल्लाच्या शरीरात होत नाही. पॉइंटर आणि स्पॅनियलच्या पिल्लाने वास लागल्यावर थबकायचे की घुसायचे? दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. काही पिल्ले थबकतील, काही घुसतील, काही अर्धवट थांबून पक्षी भलत्याच वेळी उडवतील. दोन परस्परविरोधी कामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले गुण एकत्र ओतल्याने दुप्पट होत नाहीत. ही साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण विकणाऱ्याला ती सांगण्यात रस नसतो.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण लॅब्राडूडल आहे. ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस लॅब्राडॉर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला. हवाईतील एका अंध महिलेच्या पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती, म्हणून त्रास न देणारे केस हवे होते. पहिल्या विणीत तीन पिल्ले झाली. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने पाठवले, तेव्हा त्यांतील एकच पिल्लू चालले. आई-बाप तेच, वीण तीच, तरी हवा तो गुण तिघांपैकी एकातच उतरला. पुढे या संकराचा बाजार झाला आणि ‘लॅब्राडूडलमुळे ॲलर्जी होत नाही’ हे सरसकट सांगितले जाऊ लागले. आपण हे सुरू केल्याचा पश्चात्ताप होतो, असे कॉनरन यांनीच नंतर जाहीरपणे सांगितले.

पहिल्या पिढीतली पिल्ले बरीचशी एकसारखी दिसतात. फसगत होते ती येथेच. ती पाहून लोक त्याच पिल्लांची आपापसात पैदास करतात. दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण हव्या त्या आणि नको त्या सगळ्या जुळण्यांनी बाहेर पडतात, आणि एकाच विणीतली पिल्ले चार वेगवेगळ्या घरची वाटतात. संकरित ज्वारीचे दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असते. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी हा नियम विसरतो.

कारवानी आणि ग्रेहाउंडच्या संकरात आणखी एक तोटा आहे. ग्रेहाउंड ताशी सुमारे 70 किलोमीटरचा वेग गाठतो, पण आजचा ग्रेहाउंड काही शे मीटरच्या सपाट धावपट्टीसाठी निवडला गेला आहे. कारवानीची निवड दख्खनच्या उन्हात, दगडगोट्यांच्या माळावर लांब पाठलाग करण्यासाठी झाली. पश्चिम महाराष्ट्रातल्या शर्यतींसाठी वेग वाढवायचा म्हणून ग्रेहाउंडचे रक्त आणले की दम, पायांचे तळवे आणि उष्णता सोसण्याची ताकद पणाला लागते. शिवाय ग्रेहाउंडच्या शरीरात थायोपेंटलसारखी भूल देणारी औषधे सावकाश विरतात. हा गुण पिल्लात आला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी पशुवैद्याला पिल्लाचे मूळ खरे सांगितलेच पाहिजे. ‘अस्सल कारवानी’ म्हणून संकर विकणारा माणूस पुढच्या मालकाच्या कुत्र्याचा जीव धोक्यात घालतो.

पाचाड, महाड, पोलादपूरच्या भागात तर हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याला लांबवर मोकळी जमीन लागते. सह्याद्रीच्या उतारावर, कारवीच्या रानात आणि पावसाळ्यातल्या गच्च गवतात नजर काही हातांपलीकडे पोचत नाही. वेगासाठी निवडलेला लांब पायांचा, पातळ कातडीचा कुत्रा तेथे जखमी होतो. त्या भागात घर, गुरे आणि शेत राखायला गावठी कुत्राच योग्य आहे.

गावठी कुत्रा म्हणजे अनेक जातींची भेसळ, हा समजही सोडून द्यावा. जगातील 38 देशांमधल्या गावकुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. काही प्रदेशांतील कुत्री युरोपीय जातींच्या मिश्रणातून आली आहेत, तर इतर अनेक ठिकाणी स्थानिक वंश टिकून आहे, असे त्यात दिसले. जाती गावकुत्र्यांपासून घडवल्या गेल्या. गावकुत्रा जातींच्या मिश्रणातून निघाला असे सरसकट म्हणता येत नाही.

आता दुसरे टोक: संकर म्हणजे पाप, शुद्ध रक्त म्हणजे श्रेष्ठ. ज्या जातींची शुद्धता मिरवली जाते त्यांचा जन्मच संकरातून झाला आहे. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी 1868 साली नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल मादी यांची वीण घेतली; गोल्डन रिट्रीव्हरची वंशावळ तेथून सुरू होते. लंडनचा केनेल क्लब 1873 चा. नोंदवही बंद करून ‘शुद्ध जात’ राखण्याची पद्धत त्यानंतरची आहे. त्याआधी कुत्रा कामावरून निवडला जाई.

बंद नोंदवहीची किंमतही मोजावी लागते. 227 जातींचा एक अभ्यास 2021 साली आला. त्यात अंतःप्रजननाची सरासरी सुमारे 25 टक्के निघाली, म्हणजे सख्ख्या भावंडांच्या संततीइतकी. बाप-लेकीची वीण घेऊन ‘रक्त पक्के करणे’ ही कारवानीच्या पैदाशीतली सवय याच दिशेने नेते.

विचारपूर्वक केलेल्या संकराने जात वाचू शकते, याचा पुरावा डाल्मेशियन आहे. या जातीत युरिक ॲसिड नीट न विरण्याचा दोष सर्वत्र पसरला होता आणि त्यातून मूतखडे होत. निवडायला निर्दोष डाल्मेशियनच उरला नव्हता. अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी 1973 साली एकदाच इंग्लिश पॉइंटरशी संकर केला, मग प्रत्येक पिढीची तपासणी करत पिल्ले पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवली. दोषाचे जनुक 2008 मध्ये सापडले. ब्रिटनच्या केनेल क्लबने हा वंश 2010 मध्ये स्वीकारला, अमेरिकेच्या क्लबने 2011 मध्ये. एकच ठरलेला हेतू, मोजता येणारा गुण, लेखी नोंद आणि कित्येक पिढ्यांचा संयम या चार गोष्टी होत्या म्हणून हे साधले. गल्लीतल्या बहुतेक संकरांत यांतली एकही नसते.

‘संकर निरोगी असतो’ हे अर्धसत्य आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 मध्ये 24 आनुवंशिक विकार तपासले. 10 विकार जातिवंत कुत्र्यांत अधिक होते, एक मिश्र कुत्र्यांत अधिक होता आणि 13 मध्ये फरकच नव्हता. कारण सरळ आहे. दोन्ही जातींत एकच दोष असेल तर संकराने तो जात नाही. लॅब्राडॉर, कॉकर स्पॅनियल आणि पूडल या तिन्ही जातींत हळूहळू अंधत्व आणणारा एकच जनुकदोष आढळतो. आई-बाप दोघेही वाहक असतील तर संकरित पिल्लूही आंधळे होऊ शकते. खुब्याच्या सांध्याचा दोषही असाच अनेक जातींत आहे. म्हणून पैदाशीपूर्वी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि जनुक चाचणी लागते. संकर हा या तपासण्यांना पर्याय नाही.

काही किरकोळ समज:

‘मादीला एकदा गावठी कुत्रा लागला की पुढच्या सगळ्या विणी बाटतात.’ नाही. आधीच्या नराचा पुढच्या विणीशी संबंध नसतो. स्कॉटलंडच्या जेम्स कोसार एवार्ट यांनी 1890 च्या दशकात झेब्रा आणि घोड्यांवर प्रयोग करून हा समज खोडला. एका विणीत मात्र दोन बाप असू शकतात, कारण माजावरची मादी एकाहून अधिक नरांकडून गाभण राहू शकते. एका माजात एकच नर, हा नियम त्यासाठी पाळावा.

‘जात कळली की स्वभाव कळतो.’ 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या 2022 च्या अभ्यासात वागणुकीतल्या फरकांपैकी सुमारे 9 टक्केच जातीने स्पष्ट झाले. पिल्लाचे आई-बाप काम करताना प्रत्यक्ष पाहावेत.

‘रायगडावरचा वाघ्या अमुक जातीचा होता.’ शिवाजी महाराजांचा कुत्रा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघ्याचा तेथील पुतळा 1936 चा आहे. वाघ्याच्या कथेलाच समकालीन लेखी आधार मिळत नाही, तेव्हा त्याच्या जातीवरून कोणाच्या पिल्लाची किंमत वाढवू नये.

‘बंदूक नाही, फक्त कुत्री सोडली, तर ती शिकार नव्हे.’ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्यामागे कुत्री लावणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे, हे सगळे शिकारच आहे. ससा किंवा रानडुकरावर कुत्री सोडणारा गुन्हा करतो, कुत्रा कोणत्याही जातीचा असो.

आज शिकारी कुत्र्याचे कायदेशीर काम राखण, शोध आणि खेळ एवढेच उरले आहे. म्हणून कारवानी टिकवायचा असेल तर वंशावळीची नोंद हाच पहिला उपाय. चेन्नईचा केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून नोंद करतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ हाउंडला देशी जात म्हणून मान्यता दिली आहे, आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे तिचे संशोधन केंद्र आहे. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणी आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ज्याला संकर करायचाच आहे त्याने हेतू लिहून ठेवावा, दोघांची तपासणी करावी आणि पिल्लू संकर म्हणूनच विकावे. कारवानीची प्रत्येक चांगली मादी संकरासाठी वापरली गेली की त्या हंगामातली एक अस्सल वीण कमी होते, आणि नोंदच नसेल तर किती उरल्या हे कोणालाही सांगता येणार नाही.