एसीच्या पंख्याची मोटार

चैत्र संपतासंपता आपल्या धाराशिवचा पारा चाळीस अंशांवर जातो, आणि ज्यांच्या घरी एसी आहे त्यांपैकी काहींचा बाहेरच्या पेटीतला पंखा नेमका त्याच दिवसांत रुसतो. श्रोतेहो, एसी थंडी निर्माण करीत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, एवढेच. ती उष्णता हवेत उधळण्याचे काम हा पंखा करतो. तो थांबला की आतल्या वायूचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापून पुनःपुन्हा बंद पडतो, आणि तसेच रेटीत राहिल्यास अखेर तोच जळतो. त्याची किंमत मोटारीच्या कितीतरी पट असते.

मोटार गुणगुणते पण फिरत नाही, अशी लक्षणे असतील तर आधी कपॅसिटर तपासावा. पुष्कळदा दोष त्या लहानशा डबीचाच असतो. वीज बंद केल्यावरही तिच्यात काही काळ भार साठून राहतो, म्हणून घरच्या मंडळींनी तिला हात न लावलेला बरा.

मोटार बदलणे अटळच ठरले, तर आपल्याकडे बोअरच्या पंपामुळे रुजलेली एक समजूत आडवी येते : अश्वशक्ती जास्त तितके चांगले. येथे पाहावयाचा तो वेग. आपली वीज पन्नास आवर्तनांची. त्यावर सहा ध्रुवांच्या मोटारीचे क्षेत्र मिनिटाला १००० फेरे घेते, चार ध्रुवांच्या मोटारीचे १५००. प्रत्यक्ष मोटार थोडी मागे, म्हणजे सुमारे ९०० ते ९५० किंवा १४०० फेऱ्यांनी चालते. पात्यावरचा भार वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा ध्रुवांसाठी घडविलेले पाते चार ध्रुवांच्या मोटारीवर चढविले, की वेग दीडपट आणि भार तिपटीहून अधिक! अशी मोटार उन्हाळा काढील, ही आशा व्यर्थ. उलट वेग तोच असून शक्ती किंचित जास्त असली तर फारसे बिघडत नाही. पाते लागेल तेवढीच शक्ती घेते. कमी मात्र चालणार नाही.

फिरण्याची दिशा, दांड्याची जाडी व लांबी, बैठकीची भोके ही जुन्या मोटारीशी जुळलीच पाहिजेत. कपॅसिटर नव्या मोटारीवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच हवा. मोठा घातल्याने जोर वाढत नाही, गुंडाळी तापते.

इन्व्हर्टर एसीची गोष्ट निराळी. त्यातली मोटार बहुधा एकदिश विजेवर, आतल्या पाटीच्या हुकमाने चालते. तिच्या जागी साधी मोटार चालत नाही. जुनी वाइंडिंग करून घ्यावी काय, असे अनेकजण विचारतात. साध्या मोटारीत तारेची जाडी व वेढे तेच राखणारा कारागीर असेल तर जरूर घ्यावी. पण बेअरिंगही त्याच वेळी बदलावेत. दुकानी जाताना जुनी मोटारच पिशवीत घालून न्यावी. नामपट्टी उन्हाने पुसली असल्यास पेटीच्या झाकणाआड चिकटविलेला जोडणीचा नकाशा पाहावा.