तालमीचा फुटबॉल

वाचकहो, फुटबॉलच्या हंगामात एखाद्या रविवारी दुपारी कबनूरहून कोल्हापूरला जाणारी एस.टी. पकडा. गाडीत चार-सहा पोरे हमखास भेटतील. आठवडाभर मागांच्या खडखडाटात राबलेली, सुट्टीचे धुतलेले कपडे घातलेली. त्यांना विचारा, "काय रं पोरांनो, कुठं निघालासा?" उत्तर येईल, "म्याच बघाय." "कुणाची?" "पाटाकडील आणि दिलबहारची!"

नवख्या माणसाला यातले काही उमगायचे नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावे ऐकून तो म्हणेल, ही तर कुस्तीची घरे. तालमीत लाल माती असते, मारुतीची मूर्ती असते, वस्ताद असतात, जोर-बैठका असतात. तिथे फुटबॉल कुठून आला? प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर शोधताना लहान गावाचा, लहान गल्लीचा संघ कशावर जगतो, हेही आपल्याला कळणार आहे. म्हणून हा विषय.

आधी तालीम म्हणजे काय ते पाहू. कोल्हापूर हे पेठांचे शहर. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, रविवार पेठ, जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वर पेठ अशी त्याची वस्ती. प्रत्येक पेठेत तालमी. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि त्यांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला. १९१२ साली खासबागचे कुस्त्यांचे मैदान उभे राहिले. पण तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे बरं का! ती पेठेची बैठकीची जागा. गणपती तिथे बसतो, लग्नाकार्याची मदत तिथून निघते, कुणाच्या घरी दुःख झाले तर पहिली माणसे तिथून धावतात. म्हणजे तालीम हे पेठेचे दुसरे घरच म्हणा ना.

आता फुटबॉलकडे वळू. हा खेळ आपल्या देशात इंग्रजांनी आणला. आधी तो लष्करात आणि शाळा-कॉलेजांत रुजला. ड्युरंड स्पर्धा १८८८ साली सुरू झाली, मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ साली. सुरुवातीला या स्पर्धा म्हणजे गोऱ्या पलटणींचे राज्य होते. पुढे २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागान या बंगाली संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २–१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्यांचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. बूट घातलेल्या साहेबाला अनवाणी पोराने हरवले, ही बातमी देशभर गेली. या खेळात साहेबालाही हरवता येते, हे लोकांना कळले.

कोल्हापुरात या खेळाला राजघराण्याचा आश्रय लाभला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. लोक तिला नुसते 'केएसए' म्हणतात. १९४९ साली संस्थान विलीन झाले, पण संस्था टिकली आणि राजघराण्याशी तिचे नातेही टिकले. रावणेश्वर तळ्याच्या जागी पुढे छत्रपती शाहू स्टेडियम उभे राहिले. जिथे पूर्वी पाणी होते तिथे आज हंगामात रोज दुपारी माणसांचा पूर येतो.

मग तालमींनीच फुटबॉल का धरला? विचार करा. कुस्तीत एकाशी एक भिडतो. पेठेतून एखादाच नामी मल्ल निघतो, बाकीच्यांनी फेटा उडवायचा. फुटबॉलला अकरा गडी लागतात, शिवाय बाकावर बसणारे वेगळे. म्हणजे पेठेतल्या वीस-पंचवीस घरांतला एकेक पोरगा संघात येतो. मांड्या तालमीत तयार झालेल्याच असतात, दमसासही असतो. वर्गणी गोळा करण्याची सवय गणेशोत्सवामुळे असतेच. जागा आहे, पोरे आहेत, माणसे आहेत, आणि शेजारच्या पेठेशी ईर्षा तर आहेच आहे! संघाला आणखी काय लागते? म्हणून तालमीची मंडळे फुटबॉलची मंडळे झाली. काही संघांनी तालमीचे नाव ठेवले, काहींनी तरुण मंडळ म्हटले, आणि प्रॅक्टिस क्लबासारख्यांनी थेट क्लब हेच नाव घेतले. नाव कोणतेही असो, पाठीशी उभी असते ती गल्ली.

आता 'लीग' म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. शाळेत शिक्षकांना हे मुलांना समजावून द्यावे लागते, म्हणून सांगतो. स्पर्धा दोन तऱ्हेच्या. एक बाद पद्धतीची. हरलात की घरी. दुसरी साखळीची, तीच लीग. तिच्यात गटातला प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. जिंकल्यास ३ गुण, बरोबरी झाल्यास १, हरल्यास काही नाही. गुण सारखे झाले तर केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा फरक बघतात. बाद स्पर्धेत नशिबाचा वाटा मोठा, साखळीत सातत्याचा. एक दिवस चांगले खेळून लीग जिंकता येत नाही. केएसएच्या लीगमध्ये वरिष्ठ गटात १६ संघ असतात, त्यांच्याखाली आणखी गट असतात. तळाला राहिलेला संघ खाली उतरतो आणि खालचा चांगला संघ वर चढतो. म्हणून तक्त्यात शेवटून दुसऱ्या असलेल्या संघाचा सामनासुद्धा जीव मुठीत धरून बघावा लागतो. वर राहण्याची ती लढाई असते.

हंगामाच्या आधी खेळाडूंची नोंदणी होते. तेव्हा पेठेतली जाणती मंडळी पोरांच्या घरी जातात. "औंदा आपल्याकडंच खेळायचं हं," असा आग्रह करतात. चांगला खेळाडू दुसऱ्या तालमीने ओढून नेला तर गल्लीत सुतक पडल्यागत होते. अलीकडच्या वर्षांत काही संघांनी आफ्रिकी देशांतले खेळाडूही आणले. त्यांना पेठेने आपले केले आणि त्यांच्या नावानेही घोषणा झाल्या. पण संघाचा कणा अजून पेठेतल्याच पोरांचा आहे. सकाळी कामावर, दुपारी मैदानावर अशी त्यांची तऱ्हा.

इथे जरा लांब जाऊन येऊ, कारण आपल्या घराची किंमत परगावी गेल्यावर कळते. अमेरिकेत आणि कॅनडात बर्फावरची हॉकी फार लोकप्रिय आहे. पायांत पाती लावलेले बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. एका वेळी बाजूला सहा गडी, गोलरक्षक धरून. आपल्या देशात लडाखात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ चालतो. अमेरिकेत या खेळाची एक सर्वांत मोठी लीग आहे आणि तिच्या खाली लहान शहरांच्या लीग आहेत. त्यांतला एक संघ आहे पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हर्शी गावाचा. हे गाव चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसले, जशी आपली इचलकरंजी मागांभोवती वाढली. वस्ती चौदा हजारांच्या आसपास, म्हणजे कबनूरपेक्षाही लहान. तिथला 'बेअर्स' म्हणजे अस्वलांचा संघ १९३८ सालापासून त्याच लीगमध्ये, त्याच गावात खेळतो आहे. २०२४ पर्यंत त्याने त्या लीगचा करंडक १३ वेळा जिंकला.

पण सगळ्या गावांचे नशीब असे नसते. तिथे संघ ही मालमत्ता असते. मालक तिला विकू शकतो, उचलून दुसरीकडे नेऊ शकतो. २०१६ साली स्प्रिंगफील्ड नावाच्या शहरातला संघ असाच विकला गेला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, टूसॉन या वाळवंटातल्या शहरात गेला. स्प्रिंगफील्डच्या लोकांनी मग काय केले? पोर्टलँड शहराचा संघ विकत आणला. एकाची झोळी भरली, दुसऱ्याची रिकामी झाली. पोर्टलँडची पोरे ज्यांच्या नावाने ओरडत लहानाची मोठी झाली, तो संघ एका व्यवहारात नाहीसा झाला. त्यांना दोष कशाचा? सामना हरले होते का? नाही. कागदावर सही झाली होती, एवढेच.

आता आपल्याकडे बघा. पाटाकडील तालमीला कुणी विकत घेऊन पुण्याला नेईल का? शिवाजी तरुण मंडळ उद्या नाशकात खेळेल का? ही कल्पनाच हसू आणणारी आहे. तालीम ही कुणा एकाची मालमत्ताच नव्हे. पेठ आहे तोवर संघ आहे. हे आपले फार मोठे धन आहे आणि ते पैशाने मिळालेले नाही.

पण वाचकहो, इथे कौतुक थांबवून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. जो संघ विकला जाऊ शकत नाही, तो मारला मात्र जाऊ शकतो, आणि तोही आपल्याच माणसांच्या हातून. ज्या ईर्षेने तालमीचा संघ उभा राहिला, तीच ईर्षा मैदानाबाहेर सांडली की दगड होते. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे सामना थांबला, स्पर्धा स्थगित झाली, पोलिसांना धावावे लागले, असे कोल्हापुरात एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. यात नुकसान कुणाचे? दगड मारणारा घरी जाऊन जेवतो. हंगाम बुडतो तो अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूचा. खेळाडूच्या आयुष्यात असे हंगाम असतात किती? दहा-बारा. त्यातला एक आपल्याच गल्लीतल्या माणसाने हिरावून घेतला, तर त्याने तक्रार कुणाकडे करायची?

शिवाय बाहेरची दुनिया बघत असते. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची गोष्ट घ्या. हा मुलगा पुण्याजवळच्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही सामन्यांत भारत हरला, तरी कोलंबियाविरुद्ध देशाने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला. पुढे अनिकेत देशातल्या मोठ्या व्यावसायिक संघांतून खेळला. असा पोरगा वर जातो तेव्हा त्याच्या मागे शेकडो पोरे उभी असतात. बघणारा चांगला खेळ बघायला येतो. मारामारी दिसली तर पुन्हा येत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. खेड्यातल्या शाळेत नवे मैदान लगेच मिळणार नाही, बूट सगळ्यांना परवडणार नाहीत. पण या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, एक वही करा. गावच्या किंवा शाळेच्या संघाचा सामना झाला की त्याच संध्याकाळी लिहा: तारीख, मैदान, समोरचा संघ, आपले अकरा गडी, गोल कुणी केला, पंच कोण होते, निकाल काय. वहीचे काम मुलांकडे द्या. हर्शीच्या संघाने १९३८ साली काय केले हे आज सांगता येते, कारण ते कुणीतरी लिहून ठेवले. आपल्याकडे जुने खेळाडू कट्ट्यावर बसून सांगतात, "त्या सालात आमी असा गोल घातला होता!" ऐकायला गोड वाटते, पण साल कुठले विचारले की दोघांत वाद. माणूस गेला की गोष्टही जाते. गावात असे जुने खेळाडू असतील तर मुलांना त्यांच्याकडे पाठवा, ऐकून लिहायला लावा. इतिहासाचा याहून चांगला धडा पुस्तकात मिळायचा नाही.

दुसरी गोष्ट, मुलांना खेळायला शिकवताना बघायलाही शिकवा. पंचाने शिट्टी वाजवली की ती मान्य, मग ती आपल्याविरुद्ध का असेना. समोरच्याने सुरेख गोल केला तर टाळी वाजली पाहिजे. सुरुवातीला जड जाईल. पण कुस्तीच्या मैदानात आपल्या बापजाद्यांनी हेच केले आहे. परगावचा मल्ल जिंकला तरी त्याच्यावर फेटे उडवले, त्याच्या हातावर बक्षिसाचे पैसे ठेवले. ती रीत लाल मातीतून हिरव्या गवतावर आणायची आहे, एवढेच.

त्या रविवारच्या गाडीतली पोरे संध्याकाळी परत येतील. कधी हसत येतील, कधी मान खाली घालून. त्यांना निकाल जरूर विचारा. आणि मग आणखी एक विचारा, "समोरच्यात चांगलं कोण खेळलं रं?" ज्या दिवशी पोरगा त्या गड्याचे नाव न अडखळता सांगेल, त्या दिवशी तालमीचा फुटबॉल आणखी शंभर वर्षे जगेल असे खुशाल समजा.