माउझर पिस्तूल : यंत्र आणि मालकी

सन १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या ससून डॉकवर एक तरुण इंग्रज लष्करी अधिकारी होडीतून उतरत होता. त्याने धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी धरली, तोच लाटेबरोबर होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हा तरुण म्हणजे विन्स्टन चर्चिल. त्या खांद्याने त्याला पुढे जन्मभर छळले. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानातील ओमदुर्मानच्या लढाईत तो घोडदळाबरोबर शत्रूवर चालून गेला, तेव्हा खांद्याचा भरवसा नसल्यामुळे त्याने तलवारीऐवजी नव्या जर्मन बनावटीचे माउझर पिस्तूल हाती घेतले.

आता दुसरे चित्र पाहू. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रोडा कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र हा जकात कचेरीतून मालाच्या २०२ पेट्या सोडवून आणण्यास गेला. वखारीत १९२ पोचल्या. उरलेल्या दहा पेट्या बैलगाडीतून क्रांतिकारकांच्या हाती गेल्या. त्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. पुढच्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९१५ रोजी, बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे चार साथीदार सरकारी सैन्याशी झुंजले, तेव्हा त्यांच्याही हाती माउझर पिस्तुलेच होती. जखमी झालेले जतींद्रनाथ दुसऱ्या दिवशी निवर्तले.

एकच यंत्र साम्राज्याच्या रक्षणासाठी चालले आणि त्याच साम्राज्याच्या विरुद्धही चालले. यंत्राला पक्ष नसतो. पक्ष असतो तो धरणाऱ्याला. म्हणूनच हे यंत्र कसे चालते आणि ते जवळ बाळगणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, या दोन्ही गोष्टींचा आम्ही येथे एकत्र विचार करणार आहोत.

नेकार नदीवरील ओबेर्नडोर्फ हे जर्मनीतले एक लहान गाव. तेथील माउझर कारखान्यात काम करणाऱ्या फेडर्ले बंधूंनी या पिस्तुलाची कल्पना आखली. १८९५ साली त्याचे एकस्व मालक पॉल माउझर यांच्या नावे घेण्यात आले. १८९६ पासून १९३७ पर्यंत अशी सुमारे दहा लाख पिस्तुले तयार झाली. त्याची मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल असून काडतुसांची पेटी मुठीत नसते, ती चापाच्या पुढे असते. रिकाम्या पिस्तुलाचे वजन सव्वा किलोच्या आतबाहेर भरते. सगळ्या पिस्तुलात एकच स्क्रू असतो, आणि तोही मुठीच्या लाकडी फळ्या धरून ठेवण्यापुरता. बाकीचे भाग एकमेकांत असे अडकवलेले असतात की कुलूपकोड्याचीच आठवण व्हावी.

आता त्याचे चलनवलन पाहू. गोळी सुटताच नळी आणि बोल्ट ही दोन्ही जोडलेल्या स्थितीत थोडी मागे सरकतात. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ही जोड सुटत नाही. सुटली तर स्फोटाचा दाब नेमबाजाच्या तोंडावर येईल. गोळी गेल्यावर बोल्टखालचा अडसर खाली झुकतो, बोल्ट मोकळा होतो आणि एकटाच मागे जातो. जाताना तो रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि घोडा चढवतो. मग स्प्रिंगच्या जोराने तो पुढे येतो व येताना नवे काडतूस नळीत सारतो. पुढची गोळी मात्र आपोआप सुटत नाही, त्यासाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. म्हणून याला अर्धस्वयंचलित म्हणतात.

भरण्याची रीतही निराळी आहे. बोल्ट मागे ओढला की पेटी रिकामी असल्यामुळे तो तेथेच अडून राहतो. दहा काडतुसांची पत्र्याची पट्टी वरच्या खाचेत उभी धरायची आणि अंगठ्याने काडतुसे खाली दाबायची. पट्टी उपसताच बोल्ट झटक्याने पुढे येतो आणि पिस्तूल त्याच क्षणी भरलेले असते. त्या वेळी बोट चापापासून दूर आणि नळीचे तोंड निशाणाच्या दिशेस असलेच पाहिजे. ७.६३ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने जाते. नेम धरण्याच्या पट्टीवर कित्येक ठिकाणी १,००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असतात, पण हा उत्साह विक्रेत्याचा समजावा. लाकडी म्यान मुठीला जोडून दस्त्याप्रमाणे खांद्याला टेकवले, तरी पिस्तूल काही बंदूक होत नाही.

आज यातले सर्वांत धाकटे पिस्तूलही ऐंशी वर्षे उलटून गेलेले आहे. अशा म्हाताऱ्या पोलादातून गोळी झाडायची तर आधी जाणत्या कारागिराकडून ते तपासून घ्यावे लागते. स्प्रिंग थकलेली असली तर बोल्ट मागच्या भागावर आदळत राहतो. बोल्ट अडवणारा छोटा तुकडा तडकला तर बोल्ट मागे, म्हणजे झाडणाऱ्याच्या अंगावर, येण्याचा धोका असतो. त्याहून फसवी गोष्ट काडतुसांची. रशियन टोकारेव्ह पिस्तुलाचे काडतूस दिसायला जवळजवळ असेच असते, पण त्याचा दाब अधिक असतो आणि ते या पिस्तुलास सोसत नाही. उलट, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी काही माउझर ९ मिलिमीटरची केली गेली. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून मुठीवर मोठा तांबडा ९ कोरलेला असे. त्या काळच्या सैन्याला जी काळजी घ्यावीशी वाटली, तीच आजच्या हौशी माणसानेही घ्यावी.

संग्राहकाचे लक्ष मात्र दुसऱ्याच आकड्यावर असते. पिस्तुलाचा अनुक्रमांक पुष्कळशा सुट्या भागांवरही ठोकलेला असतो. सगळे आकडे जुळले तर वस्तू अस्सल, एरवी जोडतोड केलेली. स्पेन आणि चीनमध्ये या पिस्तुलाच्या नकला विपुल झाल्या असल्यामुळे ही पारख महत्त्वाची ठरते. पण याच आकड्यांचा दुसरा उपयोग कलकत्त्यात दिसून आला. रोडाच्या पन्नास पिस्तुलांचे क्रमांक नोंदलेले असल्यामुळे, पुढे हाती लागलेले पिस्तूल त्यांपैकी आहे की नाही हे पोलिसांना ओळखता आले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात पन्नासांपैकी ३१ परत मिळाल्याचे नमूद आहे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक-पिस्तूल बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा उरली. शस्त्रावरील क्रमांक खरवडणे किंवा बदलणे हाही या कायद्याने गुन्हा आहे. खुद्द जर्मनीत नेमबाजीसाठी पिस्तूल हवे असेल तर संस्थेचे सभासदत्व, निदान वर्षभराचा नियमित सराव आणि कुलूपबंद तिजोरी ही सर्व लागतात.

कोणी याला सरकारी जाच म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. वाडवडिलांचा तंबोरा वा घड्याळ घरी ठेवणारा माणूस फार तर त्या वस्तूचा अपराधी होऊ शकतो. पिस्तूल ठेवणारा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना, घरातल्या मुलाबाळांना आणि ते चोरीला गेले तर कोणा अनोळखी माणसालाही जबाबदार असतो. ओबेर्नडोर्फच्या कारागिरांचे कौतुक जरूर करावे, कारण असे काम विरळाच पाहायला मिळते. पण त्यांनी त्या पोलादावर ठोकलेला क्रमांक निव्वळ शोभेचा नाही. हे पिस्तूल कोणाचे, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यास एक माणूस बांधलेला आहे, एवढेच तो सांगतो. ते उत्तर देण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने हे सुंदर यंत्र वस्तुसंग्रहालयाच्या काचेआडच पाहावे.