मलावीच्या खेड्यांतील स्वयंसेवक दांपत्य

परक्याच्या बांधावर उभें राहून उपदेश करणें सोपें आहे. त्याच्या शेजारीं दोन वर्षें राहून त्याची रीत शिकणें कठीण आहे. आग्नेय आफ्रिकेंतील मलावी या शेतीप्रधान देशांत हें कठीण काम पत्करून कांहीं अमेरिकन पतिपत्नी खेड्यांत राहतात. त्यांच्या दिनचर्येची हकीकत आमच्या शेतकरी बंधूंस उपयोगी वाटेल, म्हणून ती येथें संक्षेपानें देत आहों.

अमेरिकेच्या सरकारनें १९६१ सालीं 'पीस कोअर' म्हणजे शांतिदल ही संस्था काढली. तिचे स्वयंसेवक मलावींत प्रथम १९६३ सालीं गेले. मुदत सुमारें २७ महिन्यांची असते; पैकीं पहिले तीन महिने भाषा व चालीरीति शिकण्याचे. पगार नाहीं, निर्वाहापुरता खर्च मिळतो. विवाहितांस एकत्र जातां येतें. मात्र दोघांनींही आपापल्या कामास पात्र असावें लागतें.

कोंबडा आरवतांच गांवच्या बायका अंगण झाडूं लागतात. त्यांच्याबरोबर पाहुणीसही केरसुणी हातीं घ्यावी लागते. मग हातपंपावरून डोक्यावर बादली घेऊन पाणी आणावयाचें. बहुतेक खेड्यांत वीज नाहीं. स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर. मुख्य अन्न 'न्सिमा', म्हणजे मक्याचें पीठ घट्ट शिजवून केलेला गोळा. तोंडीं लावण्यास पालेभाजी किंवा घेवडा. वाटेंत भेटेल त्याची विचारपूस केल्यावांचून पुढें जाणें असभ्यपणाचें समजतात, म्हणून अर्ध्या तासाच्या वाटेस एक तास लागतो. सायंकाळीं सहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि हिंवतापाच्या भयानें मच्छरदाणींत शिरावें लागतें.

पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. बहुतेक शेती कुदळीनें वरंबे ओढून होते. जानेवारी ते मार्च या काळांत कणगींतला मका संपलेला व शेतांतला पिकावयाचा असतो. हे भुकेचे महिने. त्या दिवसांत पाहुण्यांच्या घरीं पीठ असतें, शेजाऱ्याच्या घरीं नसतें. दार लावून जेवावें तर घास उतरत नाहीं. सर्वांस वाटावें तर आठवड्यांत पोतें रिकामें. या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही शिक्षणांत मिळत नाहीं.

परंतु आमच्या मतें सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. मलावीच्या मध्य व दक्षिण भागांतील चेवा, याओ इत्यादि लोकांत वंश आईकडून चालतो. जमीन आईकडून मुलीकडे जाते, कुळाचा कारभार मामा पाहतो, आणि पुष्कळ ठिकाणीं नवराच बायकोच्या गांवीं नांदावयास जातो. बायको वारली किंवा काडीमोड झाली तर त्यास तें शेत सोडावें लागतें. अशा मनुष्यास झाडें लावण्याचा उत्साह कोठून असणार? ज्या कुळास जमीन उद्यां जाण्याची धास्ती, तें ताल घालीत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां कल्पना करा, कीं एकटा पुरुष स्वयंसेवक झाडाखालीं पुरुषांस जमवून सांगतो, उतारावर समपातळीच्या रेषेनें वाळा लावा, माती राहील. हा वाळा म्हणजे आपल्याच इकडील सुगंधी वाळा. तेथेंही तो या कामीं लावितात. पुरुष माना डोलावितात व घरीं जातात. पण शेत तर बायकोच्या कुळाचें! दांपत्य असलें म्हणजे पत्नी शेंगा फोडणाऱ्या बायकांत जाऊन बसूं शकते, आणि जमीन खरोखर कोणाची व बियाणें कोण राखते, हें तिला तेथें कळतें. मग तीच गोष्ट दोन्हीं बाजूंनीं सांगतां येते. जोडप्याचा खरा उपयोग हा.

आमचें आयुष्य सातबाऱ्याचे उतारे लिहिण्यांत गेलें. कबजेदाराच्या रकान्यांत आम्हीं हजारों पुरुषांचीं नांवें लिहिलीं. पण त्याच शेतांत खुरपें धरणारीचें नांव क्वचितच लिहिलें, आणि त्याचें त्या वेळीं कांहीं वाटलें नाहीं. आजही शेतकी अधिकारी आले कीं आपण पुरुष चावडींत बसतों, व बीं निवडणारी बाई दाराआड राहते. मलावींत उपदेश चुकीच्या कानीं पडतो. आपल्याकडे तो अर्ध्याच कानीं पडतो. तरी आपल्या मंडळाच्या येत्या सभेस सभासदांनीं घरच्या बाईस बरोबर आणावें, एवढीच आमची विनंति आहे.