वाडगाभर 'फो'साठी रांग

हनोईच्या जुन्या वस्तीतील बात दान रस्त्यावर ४९ क्रमांकाच्या दुकानासमोर सकाळीच रांग लागते. दुकान म्हणायचे ते एका साध्या खोलीला. आत काही लाकडी टेबले आणि दर्शनी भागात टांगलेले मांसाचे मोठे तुकडे. टेबलापाशी येऊन कोणी ऑर्डर घेत नाही. रांगेत उभे राहायचे, हवे ते सांगायचे, पैसे मोजायचे आणि काठोकाठ भरलेला वाफाळता वाडगा स्वतःच्या हातांनी सांभाळत बसायला जागा शोधायची. पाहुण्याला हा प्रकार रुक्ष वाटतो. हनोईकरांना त्यात वावगे काही दिसत नाही. मिशेलिन मार्गदर्शिकेने २०२३ मध्ये व्हिएतनाममधील भोजनगृहांची पहिली यादी काढली, तेव्हा माफक दरात उत्तम जेवण देणाऱ्यांत या दुकानाची गणना झाली. रांग मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

येथे मिळतो तो एकच पदार्थ, 'फो'. तांदळाच्या पिठाच्या मऊ, चपट्या पट्ट्या, त्यावर मांसाचे पातळ काप, कांद्याची पात आणि वरून ओतलेला कढत रस्सा. आपण 'फो' लिहितो खरे, पण मूळ उच्चार 'फ' या अक्षराच्या अधिक जवळचा, आणि तोही प्रश्न विचारताना सूर खाली जाऊन वर यावा तसा. हा शब्द आला कोठून, यावर दोन मते आहेत. एका मताने तो चिनी फेरीवाल्यांच्या 'गोमांस आणि तांदळाच्या शेवया' या आरोळीचा अपभ्रंश आहे, तर दुसऱ्या मताने फ्रेंचांच्या 'पो-तो-फ' या मांसाच्या रश्श्यातील शेवटचा शब्द. पहिले मत अधिक पटण्याजोगे आहे. मात्र पदार्थाच्या जन्मात फ्रेंचांचा हात होताच. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या लेखी बैल हा नांगराचा सोबती होता. गोमांसाची मागणी वाढली ती वसाहतीच्या काळात, आणि उरलेल्या हाडांतून विसाव्या शतकाच्या प्रारंभी नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात हा रस्सा शिजू लागला.

फोची परीक्षा या रश्श्यावरच होते. हाडे प्रथम उकळून ते पाणी फेकून देतात, मग ती मंद आचेवर कित्येक तास शिजत ठेवतात. खळखळून उकळी आली की रस्सा गढूळ होतो, म्हणून आच सांभाळायची आणि वर येणारा फेस सतत काढत राहायचा. आले आणि कांदा सालीसकट विस्तवावर काळे होईपर्यंत भाजून आत सोडतात. वाटणासाठी कांदा-खोबरे भाजणाऱ्या आपल्या घरांत ही युक्ती कोणाला नव्याने सांगावी लागणार नाही. मसाल्यात दालचिनी, मसाला वेलदोडा, लवंग आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चक्रीफूल, जे चीनच्या सीमेलगतच्या लांग सोन प्रांतात पिकते. व्हिएतनामच्या चक्रीफुलाचा आणि दालचिनीचा भारत हा मोठा ग्राहक आहे. तेव्हा आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि हनोईच्या पातेल्यात एकाच डोंगरावरचा माल पडत असण्याचा संभव पुष्कळ.

या वाडग्यात राजकारणही मुरलेले आहे. उत्तरेत साम्यवादी राजवट आल्यावर खासगी दुकानांवर निर्बंध आले आणि सरकारी उपाहारगृहे सुरू झाली. तेथे मांस दुर्मीळ होते. मिळे तो नुसता रस्सा आणि शेवया. १९६०च्या दशकात अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमाने उत्तरेच्या आकाशात घिरट्या घालत होती. लोकांनी या मांसाविना फोला नाव दिले, 'चालकरहित फो'. भुकेच्या दिवसांतही माणसे विनोद सोडत नाहीत, हेच खरे. रांग लावून आधी पैसे भरण्याची बात दानची रीत पाहून जुन्या लोकांना तीच शिधावाटपाची वर्षे आठवतात. १९८६च्या आर्थिक सुधारणांनंतर खासगी दुकानांना पुन्हा मोकळीक मिळाली.

१९५४मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा सुमारे आठ ते दहा लाख लोक उत्तरेकडून दक्षिणेत गेले आणि फो त्यांच्याबरोबर गेला. सायगॉनच्या सुपीक, सढळ मुलखात त्याचे रूप पालटले. रस्सा गोडसर झाला, शेजारी तुळशीच्या जातीची पाने, मोड आलेले मूग, लिंबू आणि दोन तऱ्हेचे सॉस आले. अस्सल हनोईकर या थाटाला नाक मुरडतो; त्याला लसूण घातलेला व्हिनेगर आणि मिरची पुरे. याच सायगॉनमध्ये 'फो बिन्ह' नावाचे एक दुकान होते. बिन्ह म्हणजे शांतता. खाली अमेरिकी सैनिक फो खात असत आणि वरच्या मजल्यावर व्हिएतकाँगचे गुप्त केंद्र होते. १९६८च्या तेत आक्रमणात शहरावर हल्ला करण्याचा आदेश तेथूनच निघाला. १९७५ नंतर निर्वासितांनी फो पॅरिस, कॅलिफोर्निया, सिडनीपर्यंत नेला. परदेशातील फोच्या दुकानांच्या पाटीवर पुष्कळदा ५४ किंवा ७५ हा आकडा दिसतो, तो या ताटातुटीच्या वर्षांचा.

आता मराठी प्रवाशाच्या दृष्टीने थोडे. नुसते 'फो' म्हटले तर बहुधा गोमांसाचाच वाडगा पुढे येईल. 'फो बो' म्हणजे गोमांसाचा, 'फो गा' म्हणजे कोंबडीचा. कित्येक दुकाने यांपैकी एकच करतात, त्यामुळे आत शिरण्यापूर्वी पाटी वाचणे इष्ट. शाकाहाऱ्याने 'मांस नको' असे सांगून भागत नाही. तुकडे काढले तरी रस्सा हाडांचाच राहतो, आणि साध्या भाजीतही मासे मिठात मुरवून काढलेला 'नूक माम' असतो. कामाचा शब्द आहे 'चाय'. त्याचा चहाशी संबंध नाही. तो बौद्ध परंपरेतील शाकाहाराचा वाचक आहे. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी कुटुंबे शाकाहार पाळतात, म्हणून मोठ्या शहरांत 'चाय' अशी पाटी लावलेली भोजनालये सहज सापडतात. तेथे मुळा, गाजर, मका आणि अळिंब्यांच्या रश्श्यातला 'फो चाय' मिळतो, चक्रीफुलाच्या त्याच वासासह.